पायांच्या मापाची वस्ती



गेल्या पावसाळ्यांत एके सकाळीं आमच्या घरांतील गूळ संपला. प्रसंग कांहीं मोठा नव्हे. पूर्वीं असें झालें म्हणजे घरांतील सर्वांत धाकट्या मुलाच्या हातावर पैसे ठेवीत, आणि चहाचें आधण उकळण्यापूर्वीं गूळ घरांत येई. सेवानिवृत्त झाल्यापासून मी मुलाकडे राहतों. त्याचें घर पुण्याबाहेर, नव्यानें उभ्या राहिलेल्या एका मोठ्या गृहसंकुलांत, सातव्या मजल्यावर आहे. सज्ज्यांत उभें राहिलें म्हणजे संकुलाच्या मागील भिंतीपलीकडचें वाण्याचें दुकान स्वच्छ दिसतें. दुकानापुढें रचलेले नारळ मोजावे म्हटलें तर मोजतां येतील. दुकानाला लागूनच मुलांची शाळा आहे, आणि तिची घंटा आम्हांला घरबसल्या ऐकूं येते. असें असतां पाव किलो गूळ आणण्यासाठीं सूनबाईंना मोटार काढावी लागली. पाव किलो गुळापायीं जवळ जवळ हजार किलो लोखंड रस्त्यावर आलें.

जन्मभर मुलांना गणित आणि भूगोल शिकविल्यामुळें मला एक खोड जडली आहे. कोडें पडलें कीं मी कागद घेऊन बसतों. त्या दिवशींहि बसलों. आमचें संकुल सुमारें ६०० मीटर रुंद आणि ४०० मीटर खोल आहे. फाटक एकच, तेंहि पुढील बाजूच्या मधोमध. आमची इमारत अगदीं मागें, भिंतीला लागून. घरापासून दुकान नजरेच्या रेषेंत ५० मीटर. आतां पायीं जावयाचें तर प्रथम फाटकापर्यंत ४०० मीटर. बाहेर पडून कोपऱ्यापर्यंत ३००. बाजूच्या रस्त्यानें मागें ४००. आणि भिंतीच्या पलीकडून पुनः आमच्याच घरासमोर यावयास ३००. एकूण १,४०० मीटर, म्हणजे पन्नासाची अठ्ठावीसपट. जाऊन येऊन जवळ जवळ तीन किलोमीटर. माझ्या वयाच्या माणसाला त्यास तासभर लागतो, आणि निम्म्या वाटेवर पदपथ नाहीं. सूनबाईंनीं मोटार काढली यांत त्यांचा कांहींएक दोष नाहीं. वस्ती आंखतांनाच त्यांच्यासाठीं तो निर्णय कोणीतरी करून ठेवला होता.

तो निर्णय कसा होतो, आणि पायीं चालतां येईल अशी वस्ती रचावयाची तर काय पाहावें, याविषयीं आज चार गोष्टी सांगावयाच्या आहेत. मी स्थापत्यशास्त्रज्ञ नव्हे. परंतु मुलांना शाळेंत येतांना व जातांना मीं कित्येक वर्षें पाहिलें आहे, आणि वस्तीची परीक्षा करावयास याहून चांगली जागा मला ठाऊक नाहीं.

मास्तर आतां जुन्या काळाचे गोडवे गाणार, असें कोणी म्हणेल. तसा माझा हेतु नाहीं. पुण्याच्या पेठा किंवा मुंबईचे जुने मोहल्ले पायीं फिरतां येत, याचें पहिलें कारण हें कीं सामान्य माणसाच्या हातीं दुसरें साधनच नव्हतें. गिरणगांवांतील कामगार भोंग्यासरशीं पायीं गिरणींत जात, तें कांहीं नगररचनेचें यश म्हणतां येणार नाहीं. सरकारी विकास खात्यानें १९२० नंतर वरळी, नायगांव, डिलाईल रोड आणि शिवडी येथें ज्या चाळी उठविल्या, त्यांतील एक खोली १६० चौरस फुटांची होती. गिरणी जवळ, परंतु घरांत पाय पसरावयास जागा नाहीं. आणि १८९६ सालीं मुंबईंत प्लेग आला तो मांडवीच्या अशाच दाटींत प्रथम दिसला. सर्व कांहीं हाताशीं असून शिवाय हवा, उजेड आणि मोकळी जागा पाहिजे, आणि हा मेळ घालणें हेंच अवघड असतें.

मुंबईनें तो मेळ एकदां बऱ्याच अंशीं घातला होता. प्लेगच्या धास्तीनें १८९८ सालीं सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. आरंभींच्या उत्साहांत ट्रस्टनें दाट वस्तींतून सरळ रुंद रस्ते काढले. समुद्रावरील वारा आंत खेळावा म्हणून प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड हे रस्ते झाले. वारा आला, परंतु ज्यांचीं घरें पडलीं तीं माणसें शेजारच्या गल्ल्यांत शिरून तेथील दाटी वाढली. मग ट्रस्टची दृष्टि उत्तरेकडे, दादर, माटुंगा आणि शीव या बाजूला वळली. तेथें त्यानें आधीं रस्ते आंखले, बागा व मैदानें सोडलीं, आणि त्यानंतर घरांसाठीं भूखंड भाडेपट्ट्यानें दिले. आधीं रस्ता व झाड आणि मागाहून घर, हा क्रम लक्षांत ठेवण्यासारखा आहे. हल्लीं बहुधा आधीं घर उभें राहतें, मग माणसें राहावयास येतात, आणि रस्त्याचा प्रश्न तीं माणसें अर्ज करूं लागल्यावर निघतो.

दादरची हिंदु कॉलनी, पारशी कॉलनी आणि माटुंग्याचा तो जुना भाग आजहि पायीं फिरून पाहावा. पारशी कॉलनीसाठीं ट्रस्टमध्येंच काम करणारे इंजिनिअर मंचरजी जोशी यांनीं खटपट केली. तेथील रस्त्यांवर निरनिराळ्या जातींचीं झाडें लावलीं गेलीं, आणि पांच बागांचा तो समूह आजहि त्यांच्या नांवानें ओळखला जातो. पहिल्या इमारती बहुतेक तळमजला आणि वर दोन मजले अशा होत्या. या उंचीला एक साधा अर्थ आहे. दुसऱ्या मजल्यावरून आईनें हांक मारली तर रस्त्यावर खेळणाऱ्या मुलाला ती ऐकूं जाते, आणि मूल रडलें तर तिला कळतें. सातव्या मजल्यावरून हा व्यवहार चालत नाहीं, हें मी आतां अनुभवानें सांगतों. भूखंड लहान होते, म्हणून दर पन्नास-साठ पावलांवर नवें दार, नवी ओटी, नवी खिडकी येई. गल्ल्या आंखूड होत्या, म्हणून कोठूनहि दोन वळणांत मोठ्या रस्त्याला लागतां येई. मोठ्या रस्त्यावर खालीं दुकानें आणि वर बिऱ्हाडें; आंतील गल्ल्यांत बहुतेक राहतीं घरें. ट्राम जवळ (ती १९६४ सालीं बंद झाली), रेल्वेचें स्टेशन पायीं जाण्याच्या अंतरावर. शाळा आणि कॉलेजें वस्तीच्या पोटांतच.

येथें एक गोष्ट सांगितल्यावांचून पुढें जाऊं नये. या वसाहती मध्यमवर्गाच्या, आणि पुष्कळशा एकेका समाजाच्या होत्या. त्या घरांतील भांडीं घासणारी बाई त्या गल्लींत राहत नसे. ती लांबून चालत येई आणि चालतच परत जाई. पायीं चालण्याचें सुख आणि पायीं चालण्याची सक्ति या दोन्ही गोष्टी त्या एकाच रस्त्यावर नांदत होत्या. नगररचनेचीं पुस्तकें हें पान फारसें उघडीत नाहींत.

शिवाजी पार्काविषयीं मात्र थोडें सावकाश बोललें पाहिजे. हें मैदान १९२५ सालीं लोकांना खुलें झालें आणि १९२७ सालीं त्याला शिवछत्रपतींचें नांव मिळालें. क्षेत्र सुमारें २८ एकर. मैदान म्हणून तें थोर आहेच. परंतु मला त्याची खरी करामत त्याच्या कडेला दिसते. भोंवतीं किलोमीटरभराहून अधिक लांबीचा बुटका कट्टा आहे. मैदानाची हद्द दाखवावयास तेवढी भिंत पुरते, आणि तिची उंची अशी कीं थकलेल्या माणसाला तिच्यावर सहज टेकतां येतें. म्हणजे किलोमीटरभर लांबीचा एक बांकच झाला. माझ्यासारखा म्हातारा पांचशें पावलें चालतो, टेकतो, पुनः चालतो. त्याच कट्ट्यावर परीक्षेच्या दिवसांत मुलें पुस्तक घेऊन बसतात, तरुण मंडळी गप्पा मारतात, क्रिकेट पाहणारे रेंगाळतात. चहूं बाजूंच्या गल्ल्या मैदानाशीं येऊन मिळतात, आणि भोंवतालच्या घरांच्या खिडक्या मैदानाकडे उघडतात. त्यामुळें दिवेलागणीनंतरहि तेथें बाईमाणसाला एकटें फिरावयास संकोच वाटत नाहीं. याच कट्ट्याच्या जागीं आठ फूट उंचीची भिंत आणि एक कुलूपबंद फाटक असतें, तर तेंच मैदान, तेवढेंच २८ एकर, निम्म्या शहराला परकें झालें असतें.

ट्रस्टचें हें काम चालूं असतांनाच, १९१४ सालीं, पॅट्रिक गेडीस नांवाचे स्कॉटिश पंडित हिंदुस्थानांत आले. ते मूळचे जीवशास्त्राचे अभ्यासक, आणि शहराकडेहि ते वाढत्या झाडाकडे पाहावें तसें पाहत. त्यांचें नगररचनेचें प्रदर्शन घेऊन येणारें जहाज एम्डेन या जर्मन युद्धनौकेनें बुडविलें. स्नेह्यांनीं नवीं चित्रें व नकाशे जमवून दिले, आणि प्रदर्शन झालें. पुढें १९१९ ते १९२४ या काळांत ते मुंबई विद्यापीठांत समाजशास्त्राचे प्राध्यापक होते. १९१५ सालीं त्यांनीं मद्रास आणि मुंबई इलाख्यांतील कित्येक गांवें पाहून अहवाल लिहिले. पाहण्याची त्यांची रीत एकच. ती म्हणजे गल्लोगल्लीं पायीं हिंडणें. इंजिनिअरनें नकाशावर पट्टी ठेवून वस्तींतून सरळ रस्ता आंखावा, आणि गेडीस यांनीं त्या गल्लींत उभें राहून दाखवावें, कीं येथील पडकें घर तेवढें काढा, या विहिरीभोंवतीं चार हात जागा मोकळी करा, येथें एक झाड लावा. गल्लींत हवा खेळेल, आणि बाकीचीं घरें जागच्या जागीं राहतील. खर्चहि कितीतरी कमी येई. जपून केलेली शस्त्रक्रिया असें ते या पद्धतीस म्हणत. त्यांचें तेव्हां फारसें ऐकलें गेलें नाहीं. पट्टीला नकाशावर चालावयास वेळ लागत नाहीं, पायांना लागतो.

आतां शाळेकडे वळतों. मी ज्या शाळेंत होतों तेथें पांचवीच्या मुलांकडून मी दरवर्षीं एक नकाशा काढवून घेत असें. विषय ठरलेला: माझें घर ते माझी शाळा. प्रथम प्रथम जे नकाशे येत ते पाहून हंसूंहि येई आणि कौतुकहि वाटे. प्रमाण चुकलेलें, उत्तर दिशा हरवलेली. परंतु नकाशा माणसांनीं गजबजलेला. येथें पिठाची गिरणी, येथें चिंचेचें झाड, येथें न्हाव्याचें दुकान, येथें चावरा कुत्रा असें तांबड्या पेन्सिलीनें लिहिलेलें, येथें आजीची मैत्रीण राहते. एका मुलीनें तर पावसांत पाणी कोठें सांचतें हेंहि दाखविलें होतें, आणि तें म्युनिसिपालिटीच्या नकाशापेक्षां अधिक बरोबर होतें. पुढें पुढें, शाळेंतील माझ्या शेवटच्या दहा-पंधरा वर्षांत, हे नकाशे ओस पडत चालले. एका टोकाला घराचें फाटक, दुसऱ्या टोकाला शाळेचें फाटक, आणि मध्यें एक लांब रेघ. त्या रेघेवर पिवळी बस. एका हुशार मुलाला मीं विचारलें, "अरे, मध्यें कांहींच कसें नाहीं?" तो म्हणाला, "गुरुजी, मध्यें मी खिडकीच्या बाजूला नसतों." त्याचें उत्तर अगदीं प्रामाणिक होतें, आणि मला रागवावयास जागा नव्हती.

म्हणूनच क्लॅरन्स पेरी या अमेरिकन गृहस्थांची योजना मला जवळची वाटते. न्यूयॉर्कभोंवतींच्या प्रदेशाची पाहणी चालूं असतां १९२९ सालीं त्यांनीं वस्तीच्या घटकाची एक कल्पना मांडली, आणि तिचें माप शाळेवरून ठरविलें. एक प्राथमिक शाळा चालेल इतकी लोकसंख्या, म्हणजे पांच-सहा हजार माणसें, सुमारें १६० एकर जागा, मधोमध शाळा, कोणत्याहि घरापासून ती साधारण पाव मैल, फार तर अर्धा मैल दूर. जुन्या हिशेबानें पाव मैल म्हणजे दोन फर्लांग, आजच्या मापानें सुमारें ४०० मीटर. मोठा रहदारीचा रस्ता वस्तीच्या कडेनें जावा, पोटांतून जाऊं नये. लहान मुलाला शाळेच्या वाटेवर तो ओलांडावाच लागूं नये. दहावा भाग बागांना आणि खेळावयास. दुकानें कडेच्या चौकांवर.

या योजनेंत दोष आहेत, आणि १९६१ सालीं जेन जेकब्स या बाईंनीं अशा आंखीव वस्त्यांवर सडकून टीका केली. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें, कीं वस्ती आंत तोंड करून बसली आणि दुकानें कडेला ढकललीं म्हणजे रस्ते दिवसाचे कित्येक तास निर्मनुष्य होतात. घर, दुकान आणि काम यांची सरमिसळ असावी, गल्ल्या आंखूड असाव्या, जुन्या स्वस्त इमारती कांहीं राहूं द्याव्या, आणि माणसांची दाटी पुरेशी असावी. म्हणजे रस्त्यावर कोणाची ना कोणाची नजर राहते. दादरच्या मोठ्या रस्त्यावर वर बिऱ्हाड नि खालीं दुकान पाहिलेल्या माणसाला ही गोष्ट नवीन वाटणार नाहीं. उलट चंडीगडांत ८०० मीटर रुंद व १,२०० मीटर लांब असे सेक्टर आंखले; आंत शांतता आणि हिरवळ पुष्कळ, परंतु उन्हाळ्याच्या दुपारीं एका सेक्टरांतून दुसऱ्यांत पायीं जाणाऱ्याला कडेचे ते रुंद रस्ते ओलांडतांना शहर आपल्यासाठीं नसल्यासारखें वाटतें. माझा कौल विचाराल तर मी पेरींची शाळा घेईन आणि जेकब्सबाईंचें दुकान घेईन.

दाटीविषयीं एक गैरसमज आहे, तो येथेंच सांगतों. विरळ बंगल्यांच्या वस्तींत पायीं चालतां येत नाहीं, कारण चालत येण्याच्या अंतरांत वाण्याला पुरेशीं गिऱ्हाइकें मिळत नाहींत, आणि तो दुकान घालीत नाहीं. म्हणून थोडी दाटी हवीच. परंतु उंच मनोरे बांधले म्हणजे चालण्याजोगी वस्ती झाली असेंहि नाहीं. दादर-माटुंग्यांतच गेल्या वीस-पंचवीस वर्षांत जुन्या तीन मजली इमारती पाडून मनोरे उठत आहेत. जुन्या घरांना डागडुजी पाहिजे होती, रहिवाशांना मोठी जागा पाहिजे होती. त्यांना नांवें ठेवण्याचा मला अधिकार नाहीं. परंतु नव्या इमारतीचे खालचे मजले पुष्कळदां मोटारींना दिले जातात. जेथें ओटी नि खिडकी होती तेथें आतां लोखंडी जाळी आणि उतार आहे. तेवढ्याच जागेंत माणसें कितीतरी वाढलीं, पण रस्त्यावरून चालणाऱ्याला त्यांपैकीं एकाचाहि चेहरा दिसत नाहीं.

बाकीच्या गोष्टी लहान आहेत, आणि लहान आहेत म्हणूनच त्या कोणी पाहत नाहींत. इंडियन रोड्स काँग्रेसनें २०१२ सालीं पादचाऱ्यांसाठीं नियम प्रसिद्ध केले आहेत. पदपथावर कमीत कमी १.८ मीटर रुंदीची वाट निखळ मोकळी असावी आणि त्याची उंची १५ सेंटिमीटरांहून अधिक नसावी, असें त्यांत आहे. आतां आपल्या घरासमोरील पदपथ मोजून पाहा. मीं आमच्या रस्त्यावरचा मोजला. रुंदी पुरेशी होती. पण तिच्यांत विजेची पेटी, दोन खांब, एक जाहिरातीची पाटी आणि दर फाटकाशीं एक खळगा. म्हणजे चढा, उतरा, चढा, उतरा. गुडघे दुखणारा माणूस दोन फाटकें झालीं कीं खालीं डांबरावरून चालूं लागतो, आणि मग मोटारवाला म्हणतो, पदपथ असून हे लोक रस्त्यावर कां चालतात!

रस्ता ओलांडण्याचें त्रैराशिकहि सोपें आहे. रस्ता २४ मीटर रुंद धरा. तरुण माणूस सेकंदास १.२ मीटर चालतो. त्याला २० सेकंद लागतात. माझी चाल सेकंदास ०.८ मीटर; मला ३० लागतात. हिरवा दिवा तरुणाच्या हिशेबानें २० सेकंद ठेवला तर दिवा जातो तेव्हां मी १६ मीटरांवर असतों, आणि उरलेले ८ मीटर मला मोटारींच्या मेहेरबानीवर काढावे लागतात. मध्यें एक उंचवटा ठेवला, दोन हात जागेचा, तर मी दोन दमांत पार होईन. २०२२ सालीं आपल्या देशांत रस्त्यावरील अपघातांत १,६८,४९१ माणसें गेलीं. त्यांतील साधारण पांचवा भाग पायीं चालणाऱ्यांचा होता. त्या आकड्यापुढें उंचवट्याचा खर्च मांडावा.

कोठें कोठें उपाय उलटाच निघाला. मुंबईंत २००८ पासून स्टेशनांबाहेर आकाशमार्ग बांधले गेले. माणसांना जिना चढवून वर काढावयाचें, म्हणजे खालीं मोटारींना अडथळा नको. कांहीं ठिकाणीं त्यांचा उपयोग होतोहि. पण पुष्कळ माणसें, विशेषतः ओझें घेतलेलीं आणि वय झालेलीं, खालूनच जातात. मोटारीला पेट्रोल लागतें आणि माणसाला दम लागतो, एवढा विचार आंखणाऱ्यानें केला असता तर जिना मोटारीला दिला असता.

फेरीवाल्यांचें काय, असा प्रश्न या विषयावर बोलतांना नेहमीं येतो. माझें मत पुष्कळांस रुचणार नाहीं. भाजीची पाटी घेऊन बसलेली बाई ही पदपथाची शत्रु आहे असें मला वाटत नाहीं. रात्रीं आठ वाजतां त्या कोपऱ्यावर तिचा दिवा असतो म्हणून मुली त्या वाटेनें जातात. प्रश्न जागा आंखून देण्याचा आहे. २०१४ च्या कायद्यानें शहरांना तें काम सांगितलें आहे. सर्वोच्च न्यायालयानें १९८५ सालीं मुंबईच्या पदपथवासीयांच्या खटल्यांत उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला, आणि २०२५ च्या मे महिन्यांत अडथळ्याविना पदपथ मिळणें हाहि त्याच हक्काचा भाग मानला. दोन्ही हक्क एकाच फरशीवर उभे आहेत. दोहोंना पुरेल एवढी फरशी रुंद करावयाची तर जागा मोटारींच्या वांट्यांतूनच काढावी लागेल, आणि तेथें आपलें सर्वांचें अडतें.

ती काढतां येते, हेंहि पाहावयास मिळालें आहे. पुणें महापालिकेनें २०१६ सालीं पादचाऱ्यांविषयींचें धोरण मंजूर केलें, आणि ११ डिसेंबर २०२१ रोजीं लक्ष्मी रस्त्याचा कांहीं भाग दिवसभर मोटारींना बंद ठेवला. मी त्या दिवशीं तेथें होतों. मुलें रस्त्याच्या मधोमध चालत होतीं, आणि आया संवयीनें त्यांना कडेला ओढीत होत्या. थोड्या वेळानें ओढणें थांबलें. तिकडे बार्सिलोना शहरानें २०१६ पासून कांहीं भागांत नऊ-नऊ चौकोनांचा एक गट करून, म्हणजे सुमारें ४०० मीटर लांब-रुंद वस्ती घेऊन, पलीकडे जाणाऱ्या मोटारी कडेच्या रस्त्यांवर वळविल्या आणि आंतील रस्त्यांवर झाडें व बांक ठेवले. एकहि घर पाडलें नाहीं. पेरींचे ते दोन फर्लांग तेथें पुनः आले, हें पाहून मला गंमत वाटली.

आतां आमच्या भिंतीकडे येतों, कारण वेळ थोडा उरला आहे. जुन्या वाड्याच्या मोठ्या दरवाजांत एक लहान दिंडी दरवाजा असे. हत्ती आला तर मोठा दरवाजा उघडावा. रोजच्या माणसाला दिंडी पुरे. आमच्या संकुलाच्या मागील भिंतीला अशी एक दिंडी पाडावी, असा अर्ज मीं गृहसंस्थेच्या सभेंत दिला. विरोध झाला. चोर येतील, असें एक म्हणाले. आणखी एका पहारेकऱ्याचा पगार कोण देणार, असें दुसरे. तिसऱ्या गृहस्थांचा आक्षेप सर्वांत खरा होता: भिंतीलगत मोटारी उभ्या असतात, त्यांतील दोन जागा जातील, आणि त्यांपैकीं एक त्यांची होती. मीं फळ्यावर काढावी तशी आकृति काढून ५० आणि १,४०० हे दोन आंकडे दाखविले. त्यानें फारसें कोणाचें मन वळलें नाहीं. शाळेंत जाणाऱ्या मुलांच्या आयांनीं मात्र त्या आंकड्यांची मिनिटें केलीं, आणि पुढच्या सभेला त्या सर्वजणी आल्या.

सहा महिन्यांच्या बोलीवर परवानगी मिळाली. तिसऱ्या गृहस्थांना मोटारीसाठीं दुसरी जागा दिली. दार एक मीटर रुंद ठेवलें, आणि उंबरा ठेवावयाचा नाहीं असें मीं गवंड्याला दोनदां बजावलें, कारण आमच्या इमारतींत चाकांच्या खुर्चीवरच्या एक आजी आहेत. पहारेकरी नाहीं, आम्ही पांच सेवानिवृत्त माणसांनीं पाळ्या लावून घेतल्या आहेत. दिंडी सकाळीं सात ते नऊ, दुपारीं बारा ते दोन, आणि संध्याकाळीं पांच ते आठ उघडी असते. पहिल्या दिवशीं अकरा मुलें तिच्यांतून शाळेला गेलीं. महिन्याअखेर मीं मोजलीं तेव्हां त्रेचाळीस होतीं. त्यांतील एका मुलीनें मला सांगितलें, कीं वाण्याच्या दुकानामागें शेवग्याचें झाड आहे आणि त्याच्यावर खारी आहेत. मीं तें अद्याप पाहिलें नव्हतें.

सहा महिने पुढच्या महिन्यांत संपतात, आणि सभा पुनः बसणार आहे. आज संध्याकाळची पाळी वस्तुतः माझी होती. परंतु या भाषणासाठीं येथें यावयाचें होतें म्हणून किल्ली चौथ्या मजल्यावरच्या देशपांडेकाकूंकडे देऊन आलों आहें.